परड्यात मानमोडी आली तेव्हा

कोंबडी आजारी आहे का हे बघायला तिन्हीसांजेची वेळ सगळ्यात चांगली. दिवसभर त्या परड्यात, उकिरड्यावर, बांधाच्या कडेने पांगलेल्या असतात. कोण टिपतंय आणि कोण नुसतं उभं आहे ते कळत नाही. संध्याकाळी खुराड्यापाशी कण्या टाकल्या की ज्या धावत येत नाहीत त्या लगेच नजरेत भरतात. फाल्गुन संपत आला होता, दुपारी ऊन आणि पहाटे गारठा असे दिवस होते. आमच्या दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, अशाच मागे राहिल्या. पिसं फुगवलेली, मान आत ओढलेली, डोळे अर्धे मिटलेले. उचलून घेतल्या तरी फडफडल्या नाहीत. गावठी तलंग हातात येते आणि ओरडत नाही, म्हणजे काहीतरी मोठं बिघडलंय असं समजावं.

आमचं घर भोर तालुक्यात, नीरा देवघर धरणाच्या वरच्या अंगाला. वाडी लहान, पण कोंबड्या नाहीत असं घर बहुधा नाहीच. माझ्याकडे तेव्हा तीसेक होत्या. अंड्यावरच्या जुन्या कोंबड्या, दोन कोंबडे, दिवाळीच्या सुमाराला निघालेल्या पिल्लांच्या आता झालेल्या तलंगा, आणि गोठ्याच्या कोपऱ्यात नुकतीच पिल्लं काढून बसलेली एक कोंबडी. पोल्ट्रीवाले ही संख्या मोजणारही नाहीत. माझ्या घरात मात्र तेलमीठ, मुलीच्या वह्या आणि आत्यांच्या गुडघ्याचं औषध एवढं सगळं अंड्यांतून भागतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. चैत्रातल्या जत्रांच्या आधी दोन-चार कोंबडे विकले जातात, तो पैसा वेगळा.

दुसऱ्या दिवशी खुराड्याची फळी काढली तेव्हा त्या दोन्ही तलंगा आत मेलेल्या होत्या. आणखी तिघी कोपऱ्यात पंख पाडून बसल्या होत्या. खाली हिरवट, पांढरट, पाण्यासारखी शिट पडली होती. एक तोंड उघडून श्वास घेत होती आणि दर श्वासाला घशातून घुरघुर येत होती. आत्या मागून आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "मानमोडी हाय ही. माझ्या सासूच्या वक्ताला एकदा आली हुती. आठ दिसात वाडीत आरवायला कोंबडा ऱ्हायला न्हवता."

ह्यांना वेगळीच शंका होती. शेजारच्या वावरात वालावर दोन दिवसांपूर्वी फवारणी झाली होती आणि आमच्या कोंबड्या तिकडे जातात. विषबाधेनेही कोंबड्या पटापट मरतात, त्यामुळे शंका चुकीची नव्हती. मलाही नक्की काही सांगता येत नव्हतं. पण एक गोष्ट ठरवायला रोगाचं नाव कळण्याची गरज नव्हती: विष असेल तर कोंबड्या बाहेर जाता कामा नयेत, आणि साथ असेल तरीही बाहेर जाता कामा नयेत. म्हणून त्या सकाळी खुराडं उघडलं ते फक्त माणसाच्या हाताने आत-बाहेर करण्यापुरतं.

आजारी तिघींना डाल्याखाली घालून परड्याच्या खालच्या टोकाला, वारा घराकडून जातो त्या बाजूला ठेवलं. चांगल्या दिसणाऱ्या खुराड्यातच राहिल्या. पिल्लंवाली कोंबडी गोठ्यातून उचलून घराच्या पुढच्या पडवीत आणली, कारण ती या सगळ्यांपासून सर्वांत लांबची जागा. मग कामाचा क्रम लावला. आधी पिल्लांना दाणापाणी, मग चांगल्यांना, शेवटी आजाऱ्यांना. आणि आजाऱ्यांकडून आल्यावर परत वरच्या कुणाकडे जायचं नाही. तीन ठिकाणची पाण्याची भांडी वेगळी. खालच्या टोकाला जाताना घालायची एक जुनी चप्पल तिकडेच ठेवली. पायाला लागलेली शिट रोग घेऊन फिरते, हे आधीच्या वर्षीच्या लसीकरण शिबिरात डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं. मेलेल्या दोघी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून, तोंड घट्ट बांधून सावलीत पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. ओढ्यात टाकून देणं सोपं होतं. पण ओढा खालच्या वाडीवरून जातो, आणि शिवाय डॉक्टरांना दाखवायला त्याच तर हव्या होत्या. मेलेली कोंबडी ताजी असतानाच काही सांगू शकते. उन्हात फुगली की तिच्यातून काही कळत नाही.

मॅडमचा नंबर माझ्याकडे होता. नसता तर १९६२ वर फोन केला असता. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी तो नंबर आहे आणि कोंबड्यांसाठीही चालतो. मी काय-काय दिसतंय ते सांगितलं. त्यांनी उलट विचारलेले प्रश्न मला आजही आठवतात, कारण त्यांतून काय बघायचं असतं ते कळलं. तुरा काळानिळा पडलाय का? डोकं, डोळ्यांभोवती सूज आहे का? पायावर लाल ठिपके? मान वाकडी करतात का? अंडी कमी झाली का, कवच मऊ येतंय का? आसपास कावळे, बगळे मेलेले दिसले का? बाहेरून नवीन कोंबड्या कुणी आणल्या का? आणि शेवटी, घरात कुणाला ताप, सर्दी, डोळे लाल असं काही आहे का?

"मी दुपारपर्यंत येते," त्या म्हणाल्या. "तोवर एकही पक्षी विकू नका, कापू नका, कुणाला देऊ नका."

हे शेवटचं वाक्य पाळणं सगळ्यात अवघड होतं. रोगापेक्षाही अवघड.

थोरल्या जाऊबाईंनी माझं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. त्या लगबगीने आल्या. "कशाला सांगितलंस गं तू त्यांना? आता गाडी येईल, पांढऱ्या कपड्यातली माणसं येतील, तुझ्याबी मारतील आन् आमच्याबी." त्यांची भीती खोटी नव्हती. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला, तेव्हाची दृश्यं टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेली. २०२१च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंबा गावात कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लूचा अहवाल आला, तेव्हा एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या नष्ट केल्याच्या बातम्या आमच्याही मोबाइलवर आल्या होत्या. दुपारपर्यंत आणखी दोघीतिघी येऊन हेच बोलून गेल्या. एकीने तर सुचवलं की दुपारी कोंबडीवाला मोटारसायकलवरून येतो, चांगल्या दिसताहेत तेवढ्या त्याला देऊन टाक, जत्रेमुळे भाव चांगला आहे.

मी जाऊबाईंना एवढंच म्हटलं, की कोंबडीवाला माझ्या कोंबड्या झापेत घालून इथून निघाला की वाटेत पाच वाड्यांत थांबणार. तिथल्या बायकांचंही तेलमीठ अंड्यांतूनच निघतं. आणि हा रोग माझ्याकडे तरी कुठून आला असेल? अशाच कुणाच्या तरी झापेतून. आदल्या आठवड्यात वाडीतल्या एका घरी जत्रेसाठी बाजारातून कोंबडे आणले होते, त्यातला एक दोन दिवसांत मेला होता आणि त्याचं कुणी काही मनाला लावून घेतलं नव्हतं. साथ तिथूनच आली हे सिद्ध झालेलं नाही, होणारही नाही. त्या घराला मी दोष देत नाही. कुणीही घरी कोंबडा आणतो तेव्हा रोग आणायला म्हणून आणत नाही. पण आमच्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर चरतात. खुराडी वेगळी असली तरी वाडीचा कळप एकच आहे, आणि हे त्या दिवशी जाऊबाईंशी बोलताना मला जितकं स्वच्छ दिसलं तितकं आधी कधी दिसलं नव्हतं.

कायद्याचंही आहे. प्राण्यांच्या सांसर्गिक रोगांबद्दलच्या २००९च्या कायद्याने अशी साथ दिसली की मालकाने ग्रामपंचायतीला किंवा जवळच्या पशुवैद्यकाला कळवायचं असतं. हे मॅडमनी नंतर सरपंचांसमोर सांगितलं, तेव्हा कुजबुज थोडी थांबली.

मॅडम आणि त्यांच्याबरोबरचे पर्यवेक्षक आले ते हातमोजे, मास्क आणि एक थर्माकोलची पेटी घेऊन. त्यांनी आधी खड्डा खणायला लावला आणि मगच मेलेल्या कोंबड्या मागितल्या. शवविच्छेदन खड्ड्याच्या काठावरच करायचं, म्हणजे रक्त, पिसं काही इकडेतिकडे जात नाही. खड्ड्याची जागा विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, कमरेएवढा खोल, कुत्र्यांनी उकरू नये असा.

मला बघू देतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी मास्क देऊन दोन हात लांब उभं केलं आणि कापताना एकेक गोष्ट दाखवत गेल्या. प्रथम गळ्याखालची दाण्याची पिशवी. ती रिकामी होती, आत नुसतं आंबूस पाणी. "विषाने मेली असती तर बहुतेकदा ही भरलेली सापडते, कारण पोटभर टिपूनच ती मरते. हिने दोन दिवस काही खाल्लेलं नाही." ह्यांच्या शंकेचं उत्तर बरंचसं तिथे मिळालं. मग त्यांनी पेट्याच्या वरचं छोटं जठर उभं चिरून धुतलं. आतल्या पांढुरक्या अस्तरावर बारीक-बारीक टोकांवर लाल ठिपके होते, टाचणीने टोचल्यासारखे. आतड्यातही एका ठिकाणी तसाच लालभडक पट्टा. श्वासनलिकेत चिकट पाणी. "राणीखेतमध्ये, म्हणजे तुमच्या मानमोडीत, असं दिसतं," त्या म्हणाल्या, "पण नुसतं बघून मी नाव घेणार नाही. बर्ड फ्लूमध्येही आत रक्ताचे ठिपके असतात. हिरवी हगवण तर कॉलऱ्यातही होते." कोंबड्यांचा कॉलरा जिवाणूंचा असतो, त्याला औषध चालतं. राणीखेत विषाणूचा, त्याला औषध नाही. म्हणजे नाव कळल्याशिवाय उपचाराला अर्थ नाही, आणि नाव फक्त प्रयोगशाळेत कळतं.

घशातून आणि गुदद्वारातून काड्यांनी घेतलेले नमुने, अवयवांचे तुकडे, सगळं बर्फाच्या पेटीत घालून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात गेलं. पश्चिम भारताची पशुरोग निदानाची प्रादेशिक प्रयोगशाळा तिथेच आहे, हे आमचं नशीब. बर्ड फ्लूचा संशय पक्का झाला तर नमुने पुढे भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जातात. कोंबड्यांचे अवशेष खड्ड्यात टाकून वर चुना, मग माती, पुन्हा चुना. ज्या दगडावर पिशवी ठेवली होती तोही त्यांनी चुन्याच्या पाण्याने धुवायला लावला.

अहवाल येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. तलंगा मरत होत्या. रोज सकाळी फळी काढताना हात जड व्हायचा. काहींना आत्या म्हणाल्या तेच झालं: मान एका बाजूला पिळत गेली, काहींची उलटी होऊन चोच आकाशाकडे, आणि चालायला गेल्या की गोल फिरून पडायच्या. समोर पाणी असून चोच पाण्यापर्यंत नेता येत नव्हती. मॅडमनी पाण्यातून द्यायला क्षारांची आणि जीवनसत्त्वांची पावडर दिली होती. ती मी चमच्याने थेंब-थेंब चोचीच्या कडेला लावत होते, आत ओतत नव्हते. घशात घुरघुर असताना ओतलेलं श्वासनलिकेत जातं. आत्यांनी हळद आणि लसूण कुटून गोळ्या केल्या. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "हळदीने नुकसान नाही आजी, पण जबरदस्तीने भरवू नका. आणि रोग त्याने हटत नाही." एकांनी मेडिकलमधून माणसांच्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल आणून दिल्या. त्या मी परत केल्या. विषाणूवर ते चालत नाही, अंदाजाने दिलेल्या औषधाचा अंश अंड्यांत उतरतो, आणि ती अंडी खाणारी आपलीच पोरं असतात. नंतर श्वासाचा त्रास होणाऱ्यांसाठी मॅडमनीच मोजून एक औषध दिलं, ते वर चढणाऱ्या दुसऱ्या संसर्गासाठी, आणि तेवढे दिवस अंडी खायची नाहीत हेही बजावलं.

ज्यांच्या माना पूर्ण पिळल्या होत्या आणि ज्या तीन दिवस उठल्या नव्हत्या, त्यांना मॅडमनी सांगितलेल्या पद्धतीने ह्यांनी एका क्षणात सोडवलं. मी तिथे थांबले. पिल्लू असल्यापासून त्यांना हातावर कण्या चारल्या होत्या, शेवटी आपण पाठ फिरवून घरात जावं हे मला बरं वाटलं नाही.

याच दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली आणि मी ती वहीत लिहून ठेवली. मरत होत्या त्या जवळजवळ सगळ्या तलंगा. जुन्या कोंबड्या दोन-तीन दिवस मलूल झाल्या, अंडी थांबली, एक-दोन अंडी बिनकवचाची, नुसत्या पडद्याची पडली. पण एक म्हातारी सोडून बाकीच्या उभ्या राहिल्या. दोन्ही कोंबडेही. आणि पडवीतली पिल्लं तर टुणटुणीत होती. मॅडमना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात आनंद होता. "जुन्या सगळ्या गेल्या वर्षीच्या शिबिरातल्या ना? आणि तलंगा त्याच्यानंतरच्या?" अगदी तसंच होतं. शिबिर गेल्या वैशाखात झालं, तलंगांची पिल्लं दिवाळीची. मधल्या काळात शिबिर झालं नव्हतं.

"आणि पिल्लं?" मी विचारलं. "त्यांना तर कसलीच लस नाही."

लस मिळालेल्या कोंबडीच्या अंड्यातल्या बलकातून तिची प्रतिकारशक्ती पिल्लात उतरते, आणि पहिले दोन-तीन आठवडे ती पिल्लाला सांभाळते, असं त्यांनी समजावलं. आमच्या तलंगा अजून अंड्यावर आल्या नव्हत्या, म्हणजे रवणावर, उबवायला, ठेवलेली सगळी अंडी जुन्या कोंबड्यांचीच होती. गेल्या वैशाखात टोचलेली सुई या फाल्गुनात पिल्लांच्या अंगात काम करत होती. लांबच्या पडवीचाही त्यात वाटा असणार. पण ती आईची शक्ती हळूहळू ओसरते, आणि ओसरली की पिल्लू उघडं पडतं. म्हणून पिल्लांची पहिली लस पाच ते सात दिवसांची असताना, आणि तीच पुन्हा चार आठवड्यांनी.

अहवाल आला: राणीखेत. बर्ड फ्लू नाही. मॅडमचा फोन आला तेव्हा मी जाऊबाईंच्या अंगणात होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि न विचारताच खाली बसल्या. कुणाच्या कोंबड्या मारायला कुणी येणार नव्हतं. पण तोवर जाऊबाईंच्या घरीही एक कोंबडी पिसं फुगवून बसली होती, वरच्या आळीतही दोन घरांत मर सुरू झाली होती. लस नसलेल्या कळपात शंभरातल्या नव्वदही जाऊ शकतात, असं मॅडमनी सांगितलं होतं. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला बहुतेक वेळा पाच-सहा दिवस लागतात, कधी दोन, कधी पंधराही. म्हणजे आज चांगली दिसणारी कोंबडी चांगली आहेच असं नाही.

आता लशीचं गणित सांगते, कारण थोड्या कोंबड्या पाळणाऱ्यांचं सगळं घोडं इथेच अडतं. राणीखेतची लस महाग नाही. पण ती कुपीत येते, आणि कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते. कोरडी असेपर्यंत ती दोन ते आठ अंश थंडाव्यात राहते. एकदा तिच्याबरोबरच्या पाण्यात कालवली की दोनेक तासांत संपवायची, उरलेली फेकायची. लशीतला विषाणू जिवंत असतो, उन्हाने आणि उष्णतेने तो मेला की आपण नुसतं पाणी टोचत असतो. दहा कोंबड्यांच्या बाईने भोरला जाऊन बर्फात कुपी आणायची, दहा मात्रा वापरायच्या आणि नव्वद ओतून द्यायच्या, हे कुणाच्याच्याने होत नाही. म्हणून कुणीच करत नाही. पण वाडीतल्या सगळ्या कोंबड्या मोजल्या तर दोन कुपींना पुरतात. देवळात बसून मी हेच मांडलं, आणि या वेळी कुणाला समजावावं लागलं नाही. प्रत्येकीने आपापला आकडा सांगितला, शाळेतल्या मुलीने तो वहीत मांडला.

साथ चालू असताना लस द्यायची तर तारतम्य लागतं. आजारी पक्ष्याला लस द्यायची नाही, आणि ज्याच्या अंगात रोग आधीच शिरलाय तो लशीनंतर लवकरही जाऊ शकतो. हे मॅडमनी सगळ्यांना आधी सांगितलं, म्हणजे नंतर कुणी लशीने मारली असं म्हणू नये. ज्या घरात रोग नव्हता तिथून सुरुवात, रोगाच्या घरी सर्वांत शेवटी. पहिल्या फेरीला लासोटा, ही सौम्य लस. एका डोळ्यात एक थेंब. सुई नाही, त्यामुळे सुईवरून रोग एकीकडून दुसरीकडे जाण्याचाही धोका नाही. रात्री अंधार पडल्यावर केलं. अंधारात कोंबड्या बसल्या जागच्या हलत नाहीत, एकेक उचलून देता येते. मुलगी बॅटरी धरायची, मी कोंबडी धरायचे, पर्यवेक्षक थेंब टाकायचे. थेंब पडल्यावर कोंबडीने डोळा मिटून उघडेपर्यंत तिला सोडायचं नाही, नाहीतर ती मान झटकते आणि थेंब बाहेर. कुपी सारखी बर्फाच्या थर्मासमध्ये. संपल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुतले, कारण या लशीचा हात डोळ्याला लागला तर माणसाचेही डोळे लाल होतात.

साथ ओसरल्यावर काही आठवड्यांनी दुसरी फेरी झाली, आर-टू-बीची. ही जास्त ताकदीची, पंखाखाली कातडीत अर्धा मिली. हिचं मूळ कुमाऊंच्या डोंगरातल्या मुक्तेश्वरच्या संस्थेत आहे. राणीखेत गावही त्याच डोंगरात, जिथे आपल्या देशात हा रोग १९२०च्या दशकात पहिल्यांदा ओळखला गेला. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना ही सुई द्यायची नाही, त्यांना तिनेच रोग होऊ शकतो. म्हणून आमची पडवीतली पिल्लं त्या फेरीतून वगळली आणि त्यांचं वय भरल्यावर टोचली. फेरीच्या आठवडाभर आधी सगळ्यांना जंताचं औषध दिलं होतं. पोटात जंत असले की लस नीट लागत नाही. सुईनंतर दोन दिवस कोंबड्या सुस्त होत्या, एकदोन लंगडल्या, अंडी थोडी कमी झाली. मॅडमनी आधीच सांगितलं नसतं तर वाडीत पुन्हा रोग आला म्हणून गलका झाला असता.

खुराड्याचं काम मात्र मी एकटीने केलं. आतला भुसा, शिट, पिसं सगळं खरवडून जाळलं. फळ्या सुट्या करून धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्याने घासल्या. हे आधी करायचं, कारण घाणीवर टाकलेलं जंतुनाशक घाणीतच संपतं. मग उन्हात उलट्या टाकल्या, आतून-बाहेरून चुना दिला, खालची चार बोटं माती काढून नवी भरली. शिटीत, ओलीत, सावलीत हा विषाणू आठवडेच्या आठवडे टिकतो. चैत्राचं ऊन त्याला सहन होत नाही. उरलेल्या कोंबड्या तोवर गोठ्याच्या माळ्याखाली होत्या. नवीन कोंबड्या आणायची घाई आत्यांना होती, मला नव्हती. पावसाळा लागेपर्यंत बाहेरून एक पीस घरात येऊ दिलं नाही.

त्या चैत्रात आमच्या वाडीतून जत्रेला कोंबडा विकला गेला नाही. कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. अहवाल वाचून दाखवल्यावर बायकांनीच आपापसात ठरवलं. कोंबडीवाल्याला वेशीवरच सांगितलं की इकडे रोग आहे, झाप घेऊन आत येऊ नका, आणि इथून पुढच्या वाड्यांनाही सांगा. त्याने सांगितलंही. घरी झालेलं नुकसान मोठं होतं, तलंगा जवळजवळ सगळ्या गेल्या. आपोआप मेलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळत नाही. ते पैसे गेलेच, आणि त्या वर्षी मुलीच्या वह्या उधारीवर आल्या.

जुन्या कोंबड्या महिनाभरात अंड्यावर आल्या. सुरुवातीची अंडी वेडीवाकडी, कवच खडबडीत, रंग फिका. ती रवणाला ठेवली नाहीत, नीट उकडून घरात खाल्ली. पडवीतल्या पिल्लांपैकी दोन घारीने नेली, बाकीची मोठी झाली, आणि आता परड्यात ज्या कोंबड्या आहेत त्या बहुतेक त्यांच्याच.

वही अजून चालू आहे. कुणाच्या घरी पिल्लं निघाली की मुलगी तारीख लिहिते, आणि पहिल्या थेंबाच्या वेळेला चार-पाच घरची पिल्लं एकत्र येतील असं बघते. त्यासाठी बायकाही आता कोंबड्या खुडूक झाल्या, म्हणजे उबवायला बसू लागल्या, की एकमेकींना विचारून, जवळजवळच्या दिवशी रवण घालतात. बाजारातून आणलेला पक्षी दोन आठवडे वेगळा, दावणीच्या पलीकडे डाल्याखाली ठेवायचा, हे आता नव्या सुनांनाही सांगितलं जातं. मोठ्यांची सुई वर्षातून दोनदा: दिवाळीनंतर आणि माघ सरता-सरता, म्हणजे जत्रेच्या कोंबड्यांची ये-जा सुरू होण्याच्या आधी. थर्मास जाऊबाईंचा आहे आणि भोरहून कुपी आणायची पाळी या माघात त्यांचीच आहे.